दुसऱ्या रांगेसाठी

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. माझे मामा गुळव्या होते. गुऱ्हाळावर उसाचा रस उकळत असतो तेव्हा जाळ कधी वाढवायचा, कधी कमी करायचा आणि रसाची मोठी कढई, म्हणजे काहील, चुलाण्यावरून कधी उतरवायची, हे ज्याच्या शब्दावर चालतं तो गुळव्या. हंगाम सरला की ते ओसरीवरच्या बाकड्यावर बसून असायचे. त्या बाकड्यासमोर डोक्यावर पदर घेऊन, उभं राहून मी माझा प्रत्येक विनोद पहिल्यांदा सांगितला. इतका अवघड पहिला प्रेक्षक कुणाच्या वाट्याला आला नसेल. मामा हसायचे नाहीत. पटलं तर बसून राहायचे. नाही पटलं तर "वैरण टाकून येतो" म्हणून उठायचे. त्या काळात आमच्या गोठ्यातली जनावरं चांगलीच धष्टपुष्ट झाली होती.

स्टँड-अप हा शब्द आमच्या कोल्हापुरात फार नंतर आला. तेव्हा एकपात्री म्हणत, नाहीतर सरळ नकला. बाईनं एकटीनं स्टेजवर उभं राहून तासभर लोकांना हसवायचं, याला तर काहीच शब्द नव्हता.

मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. शहरात एसटीडीचे पिवळे बूथ दिसू लागले होते, पण आसपासच्या गावांतून परगावी बोलायचं तर अजून ट्रंक कॉल बुक करावा लागे. माणूस पोस्टात जाऊन नंबर द्यायचा, तो आमच्या बोर्डावर यायचा, आम्ही तो तिकिटावर लिहून घ्यायचो आणि लाइन मिळाली की दोन टोकं जोडून द्यायचो. "बोला, पुणं लागलंय" असं म्हणायचं, दोन्हीकडून लाइन जोडली गेली एवढं बघायचं आणि लाइन सोडायची. तीन मिनिटांनी पुन्हा आत जाऊन वेळ संपल्याचं सांगायचं. मधलं ऐकायचं नाही हा नियम होता, आणि ऐकायला फुरसतही नसायची. त्यामुळे आम्हा ऑपरेटर बायकांना लोकांच्या बोलण्याचं डोकं माहीत आणि शेपूट माहीत. मधलं धड कधी दिसायचंच नाही.

पण नकला करायला डोकं आणि शेपूट पुरतं. गगनबावड्याचा माणूस फोनवर आधी पाऊस सांगायचा, मग घरचं. कुरुंदवाडचा व्यापारी शेजारच्याला भाव कळू नये म्हणून इतकं हळू बोलायचा की पलीकडच्यालाही कळायचा नाही. वारणानगरच्या कॉलनीतल्या बायका स्वतःचा निरोप संपला की शेजारणीच्या हातात फोन द्यायच्या. आमच्या एक्स्चेंजमध्ये एका बाईंच्या निरोप समारंभात मी हे सगळे आवाज काढले. सुपरवायझर बाई हसता हसता खुर्चीवरून उठून भिंतीला टेकल्या. त्याच मला म्हणाल्या, "हे एवढ्या चार भिंतींत ठेवू नकोस." त्यांनीच त्यांच्या वस्तीतल्या बुद्ध विहाराच्या महिला मंडळात माझा पहिला कार्यक्रम ठेवला.

घरी नवरा म्हणाला, "माझी हरकत नाही, पण बाबांना विचार." तो स्वभावानं शांत. भांडण दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचं हे त्याला छान जमतं. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्यासमोर सांगता यील तेवढंच भाईर सांगायचं. मी उठलो तर त्ये टाकून द्यायचं. जमंल?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, एवढंच ना. मी चावट काही बोलणार नव्हतेच.

तेव्हा त्यांनी मला मळीचं सांगितलं. रस तापला की वर मळी येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. "पयली मळी काळी असती. ती आंधळ्यालाबी दिसती. दुसरी रसाच्याच रंगाची असती. ती काढंल त्यो गुळव्या." मी मान डोलावली. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त ही जुनी माणसं प्रत्येक गोष्टीत गूळ कसा आणतात, एवढंच आलं.

कार्यक्रम वाढत गेले. नात्यातल्या बायका नाकं मुरडत होत्या. हसतील त्यांचे दात दिसतील असं म्हणून माणसं टवाळखोरांकडे दुर्लक्ष करतात. मला तर ते दातच बघायचे होते. खरी अडचण संयोजकांची होती. एका गणेश मंडळाचा अध्यक्ष मला म्हणाला, "ताई, जरा चावट असू दे की. पब्लिक त्याशिवाय हसत न्हाय." माझा राग नाकावरच असतो. मी म्हटलं, "तुमच्या आईला पहिल्या रांगेत बसवा, मग बोलते चावट." तो कार्यक्रम अर्थातच गेला. असे बरेच गेले. मी मागे हटले नाही. मला असा एक तास हवा होता की ज्यात हॉलमधला प्रत्येक माणूस हसेल. जैन वाण्याचं घर असो, मुसलमान बागवानाचं असो, सीमेपलीकडून आलेली कानडी पाहुणी असो, आजोबा असोत नाहीतर नात. कुणी कुणाकडे चोरून बघायचं नाही. हसताना पदर तोंडावर घ्यायचाच तर तो दात लपवायला, लाज लपवायला नाही.

त्यासाठी चुका करत शिकले. एकदा जैन मंडळींपुढे मटणाच्या पांढऱ्या रश्श्यावर सात मिनिटं बोलले. कोल्हापूरकराला वाटतं, रस्सा ही जगाची भाषा आहे. समोर सगळे अगदी सभ्यपणे माझ्याकडे बघत होते. मामांसमोर तो विनोद पास झाला होता, कारण मामा वाटीवर वाटी पांढरा पिणारे. त्या दिवसापासून मी खाण्यावर बोलताना फक्त भुकेवर बोलू लागले. भूक सगळ्यांच्या घरी असते.

माझा सगळ्यात गाजलेला नमुना होता म्हाताऱ्याचा. त्याचं मूळ बोर्डावरच होतं. दर सोमवारी सीमेकडच्या एका पोस्टातून पुण्याला कॉल बुक व्हायचा. मी "पुणं लागलंय, बोला" म्हटलं की एक म्हातारा माणूस असा ओरडायचा की मी हेडसेट कानापासून लांब धरायची. "जेवलीस कायऽऽ?" मग मी लाइन सोडायची. तीन मिनिटांनी आत गेले की पुन्हा तेच, "जेवलीस कायऽऽ?" आणि मग "बरं, ठेव."

तीन मिनिटं, दूरचा कॉल, आणि माणूस विचारतो काय तर जेवलीस का. यात मी मधलं माझ्या पदरचं घातलं. माझा म्हातारा "जेवलीस काय" विचारून पुढे काय बोलायचं ते विसरतो, पोस्टातल्या घड्याळाकडे बघत बसतो, खोकतो, फोन उलटा धरतो आणि वेळ संपली म्हटल्यावर दचकून पुन्हा तेच विचारतो. शेवटी ऑपरेटर म्हणते, "आजोबा, कॉल कशाला बुक करता? आमच्या गच्चीवर या आणि हाक मारा, पुण्याला पोचेल." या वाक्याला लोक खुर्च्या बडवायचे. त्यात एक वावगा शब्द नव्हता. वीस मिनिटांचा तो भाग म्हणजे माझ्या तासाचा कणा होता.

मामांना तो पहिल्यांदा ऐकवला तेव्हा ते उठले नाहीत. पण विचारलं, "मधी काय बोलतो त्यो?"

"काही नाही. गप्प बसतो."

"तुला काय ठावं? तू लाइन सोडतीस न्हवं?"

मी चिडले. म्हटलं, "मामा, नक्कल आहे ही, पंचनामा नाही." मामा बसून राहिले, म्हणजे पास, असा मी अर्थ घेतला.

कुरुंदवाडचा कार्यक्रम चातुर्मासात होता, एका शाळेच्या पटांगणात. संयोजकांनी आधीच सांगितलं होतं, "आमची मंडळी दिवस मावळायच्या आत जेवून मोकळी असतात, तुम्ही सातला सुरू करा." पटांगण गच्च भरलं होतं. नदीकडून गार वारा येत होता. मला त्या दिवशी काही चुकेना. भुकेवर हसले, पावसावर हसले, आणि म्हातारा सुरू झाला तेव्हा तर मला दोनदा थांबावं लागलं. शेवटी सगळं पटांगण टाळ्या वाजवत होतं. मला मनात वाटून गेलं, हाच तो तास. एकही माणूस बाहेर राहिला नाही.

नंतर शाळेच्या एका वर्गात मी तोंड धुऊन पुसत होते. दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, टोपी, काखेत छत्री. मला म्हणाले, "अक्का, 'पुणं लागलंय' असं एकदा म्हणा बघू."

सवयीनं मी म्हटलं, "पुणं लागलंय, बोला."

त्यांनी मान हलवली. "तुमीच त्या. मी तवाच वळिखलो."

तो आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता आणि शेकडो वेळा काढला होता. तो इतका हळू बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"लेक हुती पुण्यात, सासरी," ते म्हणाले. "तापात कान गेलं तिचं. उजव्या कानात लई वरडलं तर थोडं कळायचं. म्हणून वरडत हुतो."

माझ्या तोंडून निघालं, "आणि मधे? मधे काय बोलत होतात?"

"त्येच की. जेवलीस काय. धा-बारा डाव इचारायचं. मग कवातरी तिला लागायचं, मग ती म्हणायची, जेवले अप्पा. तेवढ्यात तुमी यायच्या, वेळ झाली म्हणत."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला रागाला उत्तर देता येतं.

"आता घरीच असती ती," ते पुढे म्हणाले. "कान गेलं म्हणून आणून सोडली त्येंनी. आज आलती की माझ्यासंगं. दुसऱ्या रांगंत बसलीती. समदी हसली म्हणून ती बी हसली. मग मला खुणंनं इचारली, काय म्हणाली ती बाई?" त्यांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. "मी काय सांगायचं तिला? तुमीच सांगा की."

ते खरंच विचारत होते. टोमणा नव्हता. बाहेर त्यांची लेक उभी होती, त्यांना परत जाऊन तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ते विनोद करणाऱ्या बाईला विचारायला आले होते. शेवटी तेच म्हणाले, "बरं, सांगतो कायतरी," आणि गेले. खिडकीतून मी पाहिलं. माझ्याच वयाची बाई होती. ती हात हलवून काहीतरी विचारत होती आणि ते दुसरीकडे बघत चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गोठ्यात कडबा तोडत होते. मी तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी विळा खाली ठेवला.

"दुसरी मळी," ते म्हणाले.

मी भडकले. माझंच चुकलं होतं, म्हणून जास्तच भडकले. "तुम्हाला दिसली होती तर उठला का नाहीत?"

"मला कुठं दिसली? वास आलता निस्ता. म्हणून इचारलो." मग म्हणाले, "दोघांचीबी चूक हाय." आणि विळा उचलून पुन्हा कामाला लागले.

बंद करणं सोपं होतं. म्हाताऱ्याचा भाग गाळून चाळीस मिनिटांत आटोपणंही सोपं होतं. नवरा म्हणाला, "तो भाग कुरुंदवाड सोडून बाकीकडे कर, कुणाला कळणार आहे?" मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. मला झोपेत, जागेपणी एकच दिसत होतं. ती बाई हसली होती, पण सगळे हसले म्हणून. आपल्या बापाच्या हाकेवर, काय चाललंय हे माहीत नसताना. मी एकही माणूस बाहेर ठेवला नाही म्हणून खूश झाले होते आणि जिच्यावर तो विनोद उभा होता तीच बाहेर बसली होती. मी ठरवलं, या बाईला हसवायचं. सगळ्यांबरोबर नाही, सगळ्यांमागून नाही. तिचं तिला कळून. त्याशिवाय मी हे सोडणार नाही.

आता माझ्याकडे होतं काय? आवाज. एवढी एकच पुंजी, आणि तिला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. म्हणजे आवाज टाकावा लागणार. वीस मिनिटं, तोंडातून शब्द न काढता.

आणि या वेळी कुणाचं उसनं घ्यायचं नव्हतं. हसायचं तर ऑपरेटरवर. मी कपाटाच्या आरशासमोर बसून माझीच नक्कल करू लागले. ही बाई बोर्डासमोर बसली आहे, कानाला हेडसेट आहे, दोन हात आहेत आणि लाइनी जोडायच्या आठ कॉर्ड आहेत. तेवढ्यात चहा येतो. चहा गरम आहे, कप ठेवायला जागा नाही. माशी येऊन नाकावर बसते. माशी हाकलायला हात रिकामा नाही. शिंक येते, पण लाइनवर साहेब आहेत, शिंकता येत नाही. कॉर्ड समजून ती वेणीचं टोक बोर्डात खुपसते आणि उठायला गेली की मान मागे ओढली जाते. हे सगळं माझ्यावर खरोखर गुदरलेलं होतं, वेणीसकट. फक्त त्यात विनोद आहे हे मला आजवर दिसलं नव्हतं, कारण मी दुसऱ्यांची बोलणी ऐकण्यात गुंग होते.

मामांसमोर पहिल्यांदा केलं तेव्हा ते म्हणाले, "थांब," आणि आत जाऊन कापसाचे दोन बोळे घेऊन आले. ते कानात घातले. "तुझी बांगडी वाजती, खुर्ची वाजती. त्यावरनं कळतंय. आता कर."

केलं. ते वैरण टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी केलं. पुन्हा वैरण. सलग कितीतरी दिवस हाच क्रम. ड्युटीवरून यायचं, भाकऱ्या थापायच्या, ओसरीवर उभं राहायचं आणि कानात कापूस घातलेल्या माणसाला पाठमोरं गोठ्याकडे जाताना बघायचं. शेजारणी कुंपणापलीकडून बघत असायच्या. सून मुकी झाली आणि सासरा बहिरा, असं गल्लीत पसरलं. मी एकेक हालचाल घासली. कप नुसता धरून उपयोग नव्हता, तो गरम आहे हे बोटांनी सांगावं लागत होतं. माशी कुठं बसली हे डोळ्यांनी. मामा एकदा एवढंच म्हणाले, "घाई करतीस. तुला ठावं हाय पुढं काय हाय. तिला न्हाय." त्यानंतर मी हळू झाले. एका संध्याकाळी मी वेणी ओढली गेल्यासारखी मान मागे टाकली आणि वर बघितलं, तर मामा बाकड्यावर बसलेले होते. पुढे काय करायचं ते मला क्षणभर सुचलं नाही, कारण इथवर मी कधी पोचलेच नव्हते.

पहिला प्रयोग वारणानगरला झाला, कामगारांच्या कॉलनीत. तिथे बीडकडची माणसं, बेळगावकडची माणसं, कारखान्यातले हिंदी बोलणारे मिस्त्री, सगळेच. फलकावर रंगवलं होतं, 'ट्रंक कॉलवाल्या बाई'. संयोजक म्हणाले, "म्हातारा पाहिजेच हं, बाई. लोक त्याच्यासाठी आल्यात." मी म्हटलं, "म्हातारा गेला." ते दचकले. त्यांना वाटलं घरात कुणीतरी. मी खुलासा केला नाही.

नेहमीचा भाग झाल्यावर मी खुर्चीवर बसले, न दिसणारा हेडसेट चढवला आणि गप्प झाले. दहा सेकंद झाली. वीस झाली. मग मागून एक आरोळी आली, "आवाऽऽज!" दुसरी आली, "माईक बंद हाय ओ!" मी कॉर्ड लावत राहिले. तेवढ्यात साउंडवाला बिचारा वायर सांभाळत स्टेजवर चढला, माझ्या पुढ्यातला माईक ठोकू लागला आणि त्यात बोलला, "हॅलो, हॅलो, वन टू थ्री." आवाज खणखणीत आला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी न दिसणारी कॉर्ड उचलली आणि गंभीर चेहऱ्यानं त्याच्या शर्टाच्या खिशात लावली, कॉल जोडून दिल्यासारखी. तो बावचळून तसाच उभा राहिला. आणि पटांगण फुटलं. बीडचं, बेळगावचं, हिंदी मिस्त्र्यांचं, सगळं एकदम. मग माशी आली आणि कुणालाच आवाजाची गरज उरली नाही. पुढे प्रत्येक कार्यक्रमाआधी मी साउंडवाल्याला सांगून ठेवायची, अमुक वेळी वर ये. पण त्या पहिल्या माणसाइतका चांगला कुणी ते करू शकला नाही, कारण त्याला खरंच काळजी वाटत होती.

लोक हसले, पण माझं काम झालं नव्हतं. पुढच्या चातुर्मासात मी स्वतः कुरुंदवाडला गेले. कार्यक्रमासाठी कुणाच्या दारात आपणहून जायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. संयोजकांना म्हटलं, "पुन्हा करायचाय, त्याच पटांगणात. आणि दुसऱ्या रांगेत दोन खुर्च्या मी सांगते त्यांच्यासाठी ठेवायच्या." त्या घरी मी गेले नाही. संयोजकांकडूनच निरोप धाडला. येतील की नाही याची खात्री नव्हती, आणि न येण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

मामा त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या कार्यक्रमाला आले. कडेच्या खुर्चीवर बसले, उठायला सोपं जावं म्हणून.

सात वाजता दुसऱ्या रांगेतल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी सुरू केलं. भूक झाली, पाऊस झाला, आणि मधेच केव्हातरी पाहिलं तर ते आले होते. तीच टोपी, तीच छत्री. शेजारी ती, निळ्या साडीत. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती आजूबाजूच्या लोकांचे चेहरे बघत होती, कधी हसायचं ते कळावं म्हणून. गेल्या वर्षी तिनं हेच केलं असणार.

मी खुर्चीवर बसले आणि गप्प झाले. पटांगण चुळबुळलं. "आवाऽज" झालं. साउंडवाला येऊन गेला, लोक हसले, तीही इकडेतिकडे बघून थोडी हसली. चहा आला. मी कप घेतला, बोटं भाजली. ती आता माझ्याकडे बघू लागली होती. लोक अजून शब्दाची वाट बघत होते, मी आता काहीतरी बोलेन असं त्यांना वाटत होतं. तिला तसली काही वाट बघायची नव्हती. माशी लांबून आली. मी नुसत्या डोळ्यांनी तिच्यामागे गेले, उजवीकडे, डावीकडे, वर, आणि माझी नजर नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबायच्या आत ती हसली. एकटी. मोठ्यानं. तिला आपला आवाज किती मोठा आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून अगदी मोकळं, बापाच्या हाकेसारखं. सगळं पटांगण तिच्याकडे वळलं आणि मग हसलं.

तिच्या अप्पांना काही कळलं नव्हतं. नजर अधू झाली असेल, की त्यांचं लक्ष लेकीकडेच होतं कोण जाणे. त्यांनी तिला कोपरानं हलवलं आणि हातानं विचारलं, काय झालं?

तिनं डोळे पुसले. मग कप धरल्यासारखा हात धरला, फुंकर मारली, बोट हवेत फिरवून माशी आणली आणि आपल्या नाकावर बसवली. त्यांना कळेना. तिनं पुन्हा केलं, जरा हळू. आता आजूबाजूची माणसं माझ्याऐवजी तिलाच बघत होती. मी हातातला कप तसाच धरून थांबले आणि तिचं सांगून होईपर्यंत पुढचं सुरू केलं नाही.